मोज्यांची वाटणी

टेंभुर्णीच्या गिरिजाबाई आणि साळूबाई या दोन जावांचं आयुष्यभर एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे दुसरीला नेहमी जास्त मिळतं.

जावा जावा आणि उभा दावा, हे काही टेंभुर्णीचंच वैशिष्ट्य नाही. पण या घरात दावा लढवायला सासूनं जागाच ठेवली नव्हती. तिचा एक कायदा होता. घरात वस्तू आली की तिचे दोन वाटे. रेडिओ आला तेव्हा रेडिओ थोरल्या गिरिजाबाईकडं आणि त्याचे सेल धाकट्या साळूबाईच्या डब्यात. बातम्या ऐकायच्या असतील तर दोघींनी आधी एकमेकींशी बोलायला पाहिजे, अशी म्हातारीची अक्कल. चांदीच्या वाळ्यांचा एक जोड होता. त्यातला एक वाळा इकडं, एक तिकडं, आणि चाळीस वर्षांत तो जोड कुणाच्याच पायात चढला नाही. दोन घरांच्या मधल्या भिंतीत आरपार कोनाडा होता, त्यात दोन्हीकडं उजेड पडेल असा एकच बल्ब. बटण थोरलीकडं, आणि बल्ब गेला तर आणायचा धाकटीनं. म्हातारी जाऊन बावीस वर्षं झाली. साळूबाईचा नवराही गेला, पोरगा पुण्याला कंपनीत लागला. कायदा मात्र जागच्या जागी होता.

गुडघेही दोघींचे जवळजवळ बरोबरच गेले. कापूस वेचून आणि सोयाबीन सोंगून चारही गुडघे झिजले. त्यातल्या त्यात थोरलीचा उजवा आधी कामातून गेला आणि धाकटीचा डावा.

साळूबाईला गुडघा हवा होता तो थोरलीला मिळणार म्हणून. गिरिजाबाईचं कारण वेगळं होतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बायांच्या पुढं निळा झेंडा घेऊन चालायचा मान तीस वर्षं तिचा होता. विहारापासून बसस्टँडपर्यंत झेंडा एकदाही वाकला नव्हता, आणि हे ती विचारल्याशिवायही सांगायची. गेली दोन वर्षं मात्र तिला मिरवणुकीत जीपमध्ये बसवलं होतं. शेजारी साळूबाई. जीपमधून लोकांना हात दाखवताना आपण पंचायत समितीला उभ्या राहिलोय, असं गिरिजाबाईला वाटायचं. येत्या जयंतीला आपल्या पायांनी चालायचं, एवढी एकच गोष्ट तिनं मनात धरली होती. त्यासाठी दोन्ही गुडघे पाहिजेत. दिवाळीनंतर उजवा, जानेवारीत डावा, असं जालन्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बासष्टाव्या वर्षी माणूस एवढ्या आशेनं कॅलेंडर उलटत नाही, पण ती उलटत होती.

दवाखान्यात दाखल झाल्यावर प्रियदर्शनी नावाची मुलगी त्यांच्या खाटांजवळ कागद घेऊन बसली. दवाखान्यात एक संशोधन चाललं होतं, त्याचं सगळं काम ही बघायची.

"मावशी, गुडघ्याची वाटी बदलली की पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते," ती म्हणाली. "ती सुटून छातीत गेली तर जीवावर बेततं. दवाखान्यात असेपर्यंत सगळ्यांना सारखीच इंजेक्शनं. घरी गेल्यावर मात्र निम्म्या पेशंटना पाच आठवडे गोळ्या आणि निम्म्यांना दाबाचे मोजे. कोणत्यानं जास्त फायदा होतो, ते आम्हाला बघायचंय. कुणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. मीही नाही, डॉक्टरही नाहीत."

चिठ्ठी म्हटल्यावर गिरिजाबाईला पटलं. चिठ्ठीत वशिला चालत नाही.

मग प्रियदर्शनीनं संमतीपत्र वाचायला घेतलं. पाच पानं होती. ती वाचत होती आणि इकडं साळूबाई सही करत होती. साळूबाई सही शिकली प्रौढशिक्षणाच्या वर्गात, आणि ती सही करायची म्हणजे रांगोळी काढल्यासारखी, एक एक ठिपका जोडत.

"साळू, आज होईन का तुझं?" गिरिजाबाई म्हणाली.

"थांबा न् अक्का. तुमचं नाव सोपंय."

"सोपं? गिरिजाला वेलांट्या किती हायेत, मोजल्या का कधी?"

हे भांडण पान तीनपासून पान पाचपर्यंत चाललं. शेवटी दोन्ही सह्या झाल्या आणि दोघींनी एकमेकींच्या सहीला नावं ठेवली.

पाकिटं फुटली. गिरिजाबाईला मोजे आले, साळूबाईला गोळ्या.

ऑपरेशनं एकाच दिवशी झाली आणि दोन्ही चांगली झाली. आठवड्यानं दोघी घरी आल्या. पहिल्याच संध्याकाळी कोनाड्यातून साळूबाईचं तोंड दिसलं.

"अक्का, मोजे दाखवा बरं."

गिरिजाबाईनं दाखवले. मांडीपर्यंत येणारे, बदामी रंगाचे. तिच्या काटकुळ्या पायांची मापं टेपनं घेऊन खास मागवलेले.

"तुमाला कपडा," साळूबाई म्हणाली, "आन मला गोळ्या. पाच आठवड्यांनी गोळ्या संपून जातीन, मोजे तुमच्याकडंच राहतीन. ही कोनती वाटणी?"

"चिठ्ठी निघालीय बाई."

"सासूबाई असत्या तर त्या चिठ्ठीला इचारलं असतं का?"

सासूबाईंचं नाव निघालं की या घरात पुढं अपील नसे. शिवाय, खरं सांगायचं तर, गिरिजाबाईलाही त्या गोळ्यांचा संशय होताच. गोळ्या महाग, चकचकीत पाकिटातल्या, आणि मोजे म्हणजे काय, शेवटी चिंधीच. खरं औषध धाकटीला मिळालं आणि आपली चिंधीवर बोळवण झाली, हे तिला दवाखान्यापासून खुपत होतं. तेव्हा दोघींचं पाच मिनिटांत ठरलं. एक मोजा इकडं, एक तिकडं, ज्या पायाचं ऑपरेशन झालं त्या पायावर. गोळी एक दिवस साळूबाईनं घ्यायची, एक दिवस कोनाड्यातून इकडं सरकवायची. वाटणी बरोबर झाली म्हणून दोघींना त्या रात्री शांत झोप लागली.

अडचण एकच. दर आठवड्याला प्रियदर्शनी तपासायला यायची. गिरिजाबाईच्या दोन्ही पायांत मोजे आहेत का ते बघायची आणि साळूबाईच्या गोळ्या मोजायची. आणि नियम मोडला तर? आजवर गिरिजाबाईनं जेवढ्या योजना पाहिल्या होत्या, त्यात एक कागद चुकला की यादीतून नाव कटायचं. नाव कटलं की डावा गुडघा गेला, आणि डाव्या गुडघ्याबरोबर झेंडाही.

इथं गिरिजाबाईचा नवरा तातेराव कामी आला. तो एरवीही बसस्टँडवरच्या हॉटेलात बसलेला असायचा. आता त्या बसण्याला अर्थ आला. जालन्याहून येणाऱ्या बसमधून प्रियदर्शनी उतरली की तो घरी मिस्ड कॉल द्यायचा आणि पुढं होऊन तिची पिशवी घ्यायचा. सहासष्टाव्या वर्षी रोज शेतापर्यंत तुरुतुरु जाणारा हा माणूस तिच्याबरोबर लंगडत चालायचा.

"तुमचेही गुडघे दुखतात का काका?" तिनं पहिल्यांदा काळजीनं विचारलं.

"दोन्ही," तातेराव म्हणाला. "घाई केली की लई दुखतेत."

दहा मिनिटांची वाट तो पंचवीस मिनिटांची करायचा. वाटेत तिला विहिरीचा इतिहास, शाळेचा इतिहास आणि स्वतःच्या पित्ताचा इतिहास सांगायचा. तेवढ्यात घरी साळूबाईच्या पायातला मोजा निघून गिरिजाबाईच्या डाव्या पायात चढायचा आणि गिरिजाबाईच्या वाट्याच्या दिवसांच्या गोळ्या पाकिटातून आधीच फोडलेल्या असल्यानं मोजणी बरोबर जुळायची. प्रियदर्शनी वहीत खुणा करून शाबासकी द्यायची.

"तुमच्यासारख्या पेशंट सगळ्या असत्या तर!" दुसऱ्या भेटीला ती म्हणाली. दोघींनी माना खाली घातल्या. तिला वाटलं, बायका लाजल्या.

तिसऱ्या भेटीच्या वेळी मोजा निघायला वेळ लागला. साळूबाईचा पाय मुळात थोरलीच्या दीडपट. मोजा तिच्या मांडीवर टिकत नव्हता, तो गुंडाळत खाली यायचा आणि गुडघ्याखाली त्याची जाड वळी होऊन बसायची. पावडर लावून तो कसाबसा ओढला.

चौथ्या भेटीला तो निघालाच नाही.

मिस्ड कॉल वेळेवर आला. काठी टेकत गिरिजाबाई साळूबाईच्या घरात गेली. साळूबाई खाटेवर पडून होती. गिरिजाबाईनं मोज्याला हात घातला, पावडर टाकली, तेल लावलं, ओढलं. साळूबाईनं ओठ दाबून धरले.

"अगं पाय ढिला सोड न् जरा!"

"सोडलाय अक्का."

मग गिरिजाबाईनं पायाकडं नीट पाहिलं. वळीच्या खालची पोटरी टम्म फुगली होती. कातडी ताणून चकाकत होती, आणि हात लावला तर गरम तव्यासारखी.

"साळू. हे कव्हापासून?"

"परवापासून. पन आज जरा जास्त हाये."

"आन सांगितलं काहून न्हाई?"

साळूबाईनं भिंतीकडं तोंड केलं. "सांगून काय करता? बाईला दाखवावं लागलं असतं. मंग समदं बाहेर आलं असतं, आन तुमचं नाव कटलं असतं. जानेवारी काय दूर हाये? तुमाला झेंडा धरायचाय न्."

गिरिजाबाईनं पोटरीवरचा हात काढून घेतला. तिला आधी राग आला. चाळीस वर्षं हिनं आपल्या ताटातलं मोजलं, आपल्या साडीचा काठ बोटानं मापला, आणि नेमकं इथं हिला मोठेपणा सुचावा? मग तिनं त्या पोटरीवर पुन्हा हात ठेवला.

अंगणात तातेराव मोठ्यानं खोकला. खोकल्याचा अर्थ होता, आलो. साळूबाईनं झटकन गोधडी ओढून घेतली.

"अरे वा, दोघी इथंच!" प्रियदर्शनी आत येत म्हणाली. "गिरिजामावशी, डाव्या पायातला मोजा?"

"धुतला."

"आणि साळूमावशी, पाय बघू?"

"थंडी वाजून राह्यली बाई," गोधडीतून आवाज आला. "पुढच्या खेपेला पाहा. गोळ्या बराबर घेऊन राह्यले."

प्रियदर्शनी थबकली. पण तिला अजून जाफराबादला दोन पेशंट बघायचे होते आणि जीप सुटणार होती. इतक्या शिस्तीच्या बायकांवर संशय घ्यायला तिच्याकडं काही कारणही नव्हतं. तिनं गोळ्या मोजल्या, वहीत खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"मंग चला, म्या सोडतो तुमाला," तातेराव म्हणाला. त्याचं लंगडणंही सुरू झालं.

गिरिजाबाईला समोर दोन गोष्टी दिसत होत्या. एक, बसस्टँडजवळचा तो चढ, जिथं वारा लागला की झेंडा फडफडायचा आणि मागच्या बाया जोरानं घोषणा द्यायच्या. दुसरी, गोधडीखालचा पाय. गुठळी सुटून छातीत गेली तर, असं ही पोरगी म्हणाली होती. पोरगी उंबऱ्यात पोचली. तिचा एक पाय बाहेर पडला.

"थांब पोरी!" गिरिजाबाई ओरडली आणि काठीच्या टोकानं तिनं गोधडी उडवून दिली.

साळूबाईच्या पायातला मोजा पाहून प्रियदर्शनी परत आत वळली. मग तिनं पिशवी खाली टाकली. पोटरीला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला.

"हा मोजा यांच्या पायात कसा?"

"वाटणीत आला," गिरिजाबाई म्हणाली. पितळ उघडं पाडायचंच तर मग पूर्ण. तिनं मोजे, गोळ्या, कोनाडा, मिस्ड कॉल, सगळं सांगून टाकलं. तातेरावच्या गुडघ्यांचंही सांगितलं. तातेराव त्याच क्षणी बरा होऊन जीप आणायला पळाला.

प्रियदर्शनीनं कात्री काढली. मोज्याला लावली तशी साळूबाई उठून बसली.

"आवो फाडू नका! अक्काच्या वाट्याचाय त्यो!"

"पडून राह्य तू!" गिरिजाबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायचं भान तिला जीप देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागेपर्यंत नव्हतं.

जालन्यात पायाची सोनोग्राफी झाली. पोटरीतल्या शिरेत गुठळी होती. वर सरकलेली नव्हती.

"चार दिवस उशीर झाला असता तर मला तुमच्याशी असं बोलता आलं नसतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "अर्धी गोळी, परक्या मापाचा मोजा, आणि तोही दोरीसारखा आवळलेला. एका पायावर किती प्रयोग करायचे?"

गिरिजाबाई काठी टेकून उभी राहिली. रस्ताभर तिनं वाक्य पाठ केलं होतं.

"साहेब, माझं नाव काटा. माझा डावा गुडघा करू नका. पन हिचं राहू द्या. वाटणी म्या केली, थोरली म्या हाये."

"खोटं बोलून राह्यल्या," खाटेवरून साळूबाई म्हणाली. "मोजे म्या मागितले. माझं काटा."

"नाव दोघींचं कटणार," डॉक्टर म्हणाले. "संशोधनातून. तुमचं दोघींचं आम्ही काय म्हणून मोजायचं? ना मोज्यात, ना गोळ्यात. पण गुडघ्याचा आणि त्याचा काय संबंध? दुसरे गुडघे होणार आहेत तुमचे."

गिरिजाबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"संशोधन सोडलं तरी उपचार थांबत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. ती अजून रागात होती. "पान चारवर लिहिलंय. मी वाचून दाखवलं होतं."

"कव्हा?"

"साळूमावशी सही करत होत्या तेव्हा."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आता यात वेलांट्या कुणाच्या जास्त, हा वाद दोघींनीही काढला नाही.

डॉक्टरांनी तारखा सांगितल्या. गिरिजाबाईचा डावा गुडघा ठरल्याप्रमाणे जानेवारीत. एप्रिलपर्यंत ती सहज चालेल. साळूबाईला मात्र रक्त पातळ करायच्या गोळ्या तीन महिने, मग पुन्हा तपासणी, आणि गुडघा मे महिन्याच्या आधी नाही.

साळूबाई म्हणाली, "घ्या अक्का. झेंडा धरा. जीपमधून मी पाहीन."

डॉक्टरांचं पेन जानेवारीवर टेकलं होतं. गिरिजाबाईनं त्या पेनाकडं पाहिलं. जन्मभर दुसरीला जास्त मिळतं म्हणून भांडली, आणि आज पहिल्यांदाच सगळं तिच्याच पदरात पडत होतं. चिठ्ठी नाही, वाटणी नाही, कुणाची तक्रार नाही. तिला ते बिलकुल गोड लागेना.

"माझंबी मे महिन्यातच लिवा," ती म्हणाली.

"तुम्हाला काय झालंय थांबायला?"

"आमच्यात तसंच असतंय साहेब."

"अक्का, येड्या झाल्या का तुमी?" साळूबाई रडवेली झाली. "माझ्यासाठी काहून थांबता?"

"तुझ्यासाठी कोन थांबतंय? म्या एकटी दोन पायांवर चालले तर लोक म्हणतीन, थोरलीनं जास्त घेतलं. मरताना नाव खराब करून घेऊ का?"

मार्चच्या शेवटी प्रियदर्शनी साळूबाईला बघायला आली. गुठळी विरघळली होती. जाताना तिनं सांगितलं, संशोधनाचा अहवाल तयार होतोय आणि त्यात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे: दोन पेशंटनी उपचार आपसात वाटून घेतल्यानं त्यांना वगळलं.

"नाव छापलं का?" गिरिजाबाईनं विचारलं.

"नाही मावशी, नावं छापत नसतात."

"साळूचंबी न्हाई?"

"नाही."

"मंग ठीकंय."

चौदा एप्रिलला दोघी पुन्हा जीपमध्ये बसल्या. नवीन साड्या, एकाच दुकानातल्या, एकाच काठाच्या. पुढं पोरं नाचत होती, मागं बाया. झेंडा जीपच्या दांड्याला बांधला होता. चढ आला तशी गिरिजाबाईनं पुढच्या सीटवर काठी आपटली.

"थांबव रे. उतरायचंय."

"अक्का, डावा दुखंन तुमचा!"

"आन तुझा उजवा. माझा उजवा हाये न् नवीन? तुझा डावा हाये न्? झाला की एक जोड."

साळूबाईनं पदर खोचला. मग तीही उतरली. जीपशेजारी चालणाऱ्या तातेरावनं झेंडा सोडवून दिला. दोघींनी एकमेकींच्या काखेत हात घातले, गिरिजाबाईनं झेंडा उचलला आणि दोघी चढाला लागल्या. दोन दुखरे गुडघे बाहेरच्या अंगाला आणि दोन नवे मध्ये, एकमेकांना लागून. मागच्या बायांनी पाहिलं, आणि मग घोषणा अशी उठली की पोरांचा डीजे तेवढ्यापुरता ऐकूच आला नाही.

चढावरच्या कडुलिंबापाशी साळूबाईनं झेंड्याच्या दांड्याला हात घातला.

"निम्मं झालं अक्का. आना इकडं."

"निम्मं कुठं? निम्मं त्या खांबापाशी."

"खांब तर बसस्टँडाला लागून हाये!"

चार पावलं गिरिजाबाई तशीच चालली. तीस वर्षांत हा दांडा तिनं कुणाच्या हाती दिला नव्हता, आणि खांब अजून बराच लांब होता. मग तिनं तो साळूबाईच्या हातात दिला आणि तिची बोटं वरून आपल्या हातानं घट्ट आवळली.

"सरळ धर," ती म्हणाली. "म्या कधी वाकू दिला न्हाई."